पोटातला बहुरूपी

बालमित्रांनो, तुम्ही बहुरूपी पाहिलाय का? आता फारसे दिसत नाहीत, पण सुगीच्या दिवसांत एखाद्या गावात अजूनही कधीतरी येतात. अंगात खाकी कपडे, डोक्यावर टोपी, हातात दंडुका. दारात उभं राहून दरडावतात, "चला, तुमच्या नावाचं वॉरंट आहे!" लहान पोरं घाबरून आईच्या पदराआड लपतात. आजी मात्र हसते आणि सुपातून जोंधळे घेऊन येते. हा पोलीस नव्हे, हे तिला ठाऊक असतं.

आजीला कसं कळतं बरं? ती नुसते कपडे बघत नाही. पायातल्या वहाणा बघते, बोलण्याची ढब ऐकते, बिल्ल्यावरचं नाव वाचते. चार खुणा जुळवते आणि मगच ठरवते.

आजारांमध्येही असे बहुरूपी असतात. आज त्यांतल्या एकाची ओळख करून घेऊ. हा येतो तो थेट कॅन्सरचं सोंग घेऊन. त्याचं ठिकाण म्हणजे आपलं स्वादुपिंड आणि शेजारची पित्तनलिका. डॉक्टर त्याला 'आयजीजी ४ संबंधित आजार' म्हणतात. नाव जरा अवघड आहे, पण लेख संपेपर्यंत ते तुमच्या ओळखीचं होईल.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. दारातला बहुरूपी करमणूक करून निघून जातो. हा पोटातला बहुरूपी तसा निरुपद्रवी नाही. त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, तर तो घराची नासधूस करतो. पण वेळेवर ओळखला, तर बहुतेकदा औषधाने आटोक्यात येतो.

पोटातले शेजारी

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढे एक लांबट अवयव आडवा झोपलेला असतो. तोच स्वादुपिंड. लांबी साधारण १५ सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीएवढी. तो दोन कामं करतो. एक म्हणजे अन्न पचवणारा रस तयार करणं. हा रस दिवसाला लिटर-दीड लिटर तयार होतो. दुसरं काम इन्सुलिन तयार करून रक्तातली साखर ताब्यात ठेवण्याचं.

त्याचा शेजारी म्हणजे यकृत. यकृतात पित्त तयार होतं. पित्ताचं काम बघायचं असेल, तर एक सोपा प्रयोग करा. वाटीभर पाण्यात तेलाचे दोन थेंब टाका. तेल वर तरंगत राहील. आता भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका आणि ढवळा. तेलाचे बारीक बारीक कण होऊन पाण्यात मिसळतील. आपण खाल्लेल्या तुपातेलाचं पित्त असंच बारीक कण करतं.

हे पित्त यकृतातून आतड्याकडे जातं ते पित्तनलिकेतून. आतड्यात शिरण्याआधी ही नळी स्वादुपिंडाच्या डोक्याजवळून, बहुतेक माणसांत तर डोक्याच्या आतूनच, जाते. म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं सुजलं, की नळीचा गळा आवळलाच म्हणून समजा!

डोळे पिवळे का होतात?

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. जुन्या पेशी मोडल्या, की त्यांतून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य निघतं. यकृत ते पित्तात मिसळून आतड्यात सोडतं. आपल्या शौचाला जो तपकिरी रंग येतो, तो त्याच्यामुळेच.

आता नळी तुंबली तर? मोरीचं भोक बंद झालं, की पाणी मागे साचतं. तसंच पिवळं द्रव्य मागे रक्तात साचतं. डोळे पिवळे, कातडी पिवळी, लघवी गडद, शौच मात्र मातकट पांढुरकं आणि अंगाला खाज. हीच ती तुंबलेली कावीळ.

समजा, एखाद्या घरातल्या आजोबांचे डोळे असे पिवळे दिसू लागले. पोटात फारसं दुखत नाही, पण भूक गेली, वजन उतरलं. सोनोग्राफी झाली, सी.टी. स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "स्वादुपिंडाच्या डोक्यावर गाठ दिसते आहे." घरातलं बोलणं एकदम बंद होतं. कारण स्वादुपिंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा असाच येतो आणि तो फार कठीण आजार आहे.

पण आपला बहुरूपीसुद्धा अगदी असाच येतो! तीच कावीळ, तीच गाठ, साधारण तेच वय. साठीच्या आसपासच्या पुरुषांमध्ये तो जास्त आढळतो. गाठ मात्र कॅन्सरची नसते, ती असते सुजेची.

आपलेच शिपाई, आपल्याच घरावर

ही सूज येते कुठून? आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींचं सैन्य असतं. बाहेरून जंतू शिरले, की त्यांतल्या काही पेशी प्रतिपिंडं नावाची शस्त्रं तयार करतात. ही शस्त्रं त्या त्या जंतूला नेमकी चिकटतात.

वर्गात हे शिकवताना मुलं हमखास विचारतात, "बाई, हे शिपाई चुकून आपल्यालाच मारत नाहीत का?" हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाला पडला होता. त्याने बोकडांवर प्रयोग केले. एका बोकडाच्या अंगात दुसऱ्याचं रक्त टोचलं, तर प्रतिपिंडं तयार होत. स्वतःचंच रक्त टोचलं, तर होत नसत. त्यावरून त्याने मत मांडलं, की शरीर स्वतःवर वार करणं टाळतं. त्याचं म्हणणं बरंचसं बरोबर होतं, पण पूर्ण नाही. १९०४ साली डोनाथ आणि लँडस्टायनर या शास्त्रज्ञांनी असा एक आजार दाखवून दिला, ज्यात माणसाची प्रतिपिंडं त्याच्याच तांबड्या पेशी फोडतात.

म्हणजे क्वचित शिपायांची गल्लत होते. शत्रू समजून ते स्वतःच्याच घरावर चाल करून जातात. अशा आजारांना स्वयंप्रतिकार आजार म्हणतात. आपल्या बहुरूप्याच्या आजारात हे शिपाई स्वादुपिंडात आणि पित्तनलिकेच्या भिंतीत गर्दी करतात. तिथे सूज येते, मग धाग्यांसारखे तंतू जमतात आणि मऊ अवयव हळूहळू कडक होत जातो. फार दिवस असं चाललं, तर पचन बिघडतं, मधुमेह होऊ शकतो, यकृतालाही इजा पोहोचते.

रक्ताच्या पट्टीवरचा पूल

१९६१ साली फ्रान्समधल्या सार्ल नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कडक झालेल्या स्वादुपिंडाबद्दल लिहिलं होतं. या रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडं ज्या गटात मोडतात, ती प्रथिनं वाढलेली होती. 'शरीर स्वतःवरच उलटलं असेल का?' अशी शंका तेव्हाच आली होती. पुढे १९९५ मध्ये जपानच्या योशिदा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराला स्वयंप्रतिकार आजाराचं नाव सुचवलं. त्यांची रुग्ण स्टेरॉईड या औषधाने सुधारली होती.

पण खरा धागा सापडला तो जपानमधल्याच मात्सुमोतो या डोंगराळ भागातल्या शहरात. तिथे शिन्शू विद्यापीठ आहे. रक्तातली प्रथिनं तपासण्याची एक पद्धत असते. रक्तद्रवाचा थेंब एका पट्टीवर ठेवतात आणि विजेचा प्रवाह सोडतात. काही प्रथिनं भरभर पळतात, काही रमतगमत जातात. शाळेच्या शर्यतीसारखंच! त्यामुळे पट्टीवर त्यांचे वेगवेगळे पट्टे उमटतात. डॉक्टर कावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की या रुग्णांमध्ये दोन पट्टे एकमेकांना जोडल्यासारखे दिसतात, जणू मध्ये पूल बांधलाय. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, "असेल काहीतरी." पण त्यांनी विचारलं, "या पुलात आहे तरी काय?"

पुलात होतं आयजीजी ४. आयजीजी हा प्रतिपिंडांचा एक प्रकार. त्याची चार भावंडं, एक ते चार. त्यांत चौथं सगळ्यांत कमी असतं. निरोगी माणसाच्या एकूण आयजीजीमध्ये शंभरात पाचही भाग नसतं. स्वभावानेही ते शांत समजलं जातं. या रुग्णांत मात्र तेच फुगलं होतं.

२००१ साली हिदेआकी हामानो, कावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यांनी असे २० रुग्ण आणि त्याच वयाची २० निरोगी माणसं घेतली. प्रत्येक गटाचे आकडे लहानमोठे ओळीने लावले, तर मधोमध कोणता आकडा येतो? निरोगी गटात १०० मिलिलिटरमागे ५१ मिलिग्रॅम, रुग्णांच्या गटात ६६३! म्हणजे जवळजवळ तेरापट. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे रुग्णही त्यांनी तपासले. त्यांच्यात असं फुगलेलं आयजीजी ४ सहसा दिसलं नाही. बहुरूप्याच्या पायातल्या वहाणा दिसल्या त्या अशा.

दोन वर्षांनी, २००३ मध्ये, टोकियोचे डॉक्टर तेरुमी कामिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. हेच शिपाई या रुग्णांच्या पित्तनलिकेत, लाळेच्या ग्रंथींत आणि इतर अवयवांतही सापडले. म्हणजे हा एका अवयवाचा आजार नव्हे, तो शरीरभर फिरणारा आहे. कुणाच्या डोळ्यांजवळच्या अश्रूंच्या ग्रंथी सुजतात, कुणाचे गाल लाळग्रंथींमुळे फुगतात, कुणाचं मूत्रपिंड बिघडतं. पूर्वी या सगळ्यांना वेगवेगळी नावं होती. एकच पाहुणा निरनिराळ्या दारांतून येत होता, ते आता कळलं.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. आयजीजी ४ स्वतः आग लावतं, की लागलेली आग विझवायला धावतं, यावर शास्त्रज्ञांची चर्चा अजून चालूच आहे.

ओळख चुकली तर?

स्वादुपिंडाच्या डोक्यावर कॅन्सर असेल, तर एक मोठी शस्त्रक्रिया करतात. न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल या शल्यविशारदांच्या नावाने ती ओळखली जाते. त्यांनी ती १९३५ साली प्रसिद्ध केली. तिच्यात स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा काढतात आणि उरलेले भाग पुन्हा जोडतात. कित्येक तास लागतात. कॅन्सर वेळेत सापडला, तर हीच शस्त्रक्रिया माणसाला वाचवू शकते.

पण मुळात कॅन्सर नसेलच तर? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा ४४२ शस्त्रक्रियांत काढलेले भाग सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासले. २००३ साली त्यांनी जाहीर केलं, की त्यांतल्या ४७ जणांच्या अवयवात कॅन्सर किंवा तशी कुठलीच गाठ नव्हती. आणि त्या ४७ पैकी काहींना आपला हा बहुरूपी आजार होता. ज्यांना गोळ्यांनी बरं वाटलं असतं, त्यांना एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसावी लागली होती. आपलंच काम पुन्हा तपासून ते जगाला सांगायचं, याला मोठं मन लागतं, नाही का?

आता याची दुसरी बाजू बघा. कॅन्सर असताना 'हा तर बहुरूपी' म्हणून नुसत्या गोळ्या देत बसलो, तर मोलाचा वेळ हातचा जातो. आणि खरं सांगायचं, तर कॅन्सरच कितीतरी जास्त वेळा आढळतो. शंभर पोलिसांत बहुरूपी एखादाच! म्हणून डॉक्टरांना दोन्हीकडून जपावं लागतं.

चार खुणा जुळवू या

मग डॉक्टर आपल्या आजीसारखंच करतात. एका खुणेवर विसंबत नाहीत.

पहिली खूण चित्रात. निरोगी स्वादुपिंडाची कड मक्याच्या कणसासारखी उंचसखल असते. या आजारात ती गुळगुळीत होते आणि सगळं स्वादुपिंड लांब फुग्यासारखं फुगतं. कधी त्याच्याभोवती पातळ कडाही दिसते. कॅन्सरमध्ये बहुधा एकाच जागी गाठ असते आणि धरणामागे पाणी फुगावं, तशी तिच्या मागची नळी फुगते. बहुरूपी मात्र कधीकधी एकाच जागी गाठ करून बसतो. तेव्हा चित्र फसवतं.

दुसरी खूण रक्तात, म्हणजे आयजीजी ४. पण काही कॅन्सरच्या रुग्णांतही ते थोडं वाढतं आणि या आजाराच्या काही रुग्णांत वाढतच नाही. म्हणून नुसता रक्ताचा आकडा पुरत नाही.

तिसरी खूण इतर अवयवांत. गालाच्या, डोळ्यांच्या ग्रंथी सुजल्या आहेत का, मूत्रपिंडावर काही दिसतं का, ते बघतात.

चौथी खूण सगळ्यांत महत्त्वाची. तोंडावाटे दुर्बीण जठरात उतरवतात. तिच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र असतं. त्यात बघत बघत बारीक सुईने गाठीचा कणभर तुकडा घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो तपासतात. कॅन्सरच्या पेशी दिसतात का, ते आधी शोधतात. बहुरूपी असेल, तर आयजीजी ४ तयार करणाऱ्या पेशींची गर्दी दिसते आणि तंतू चटईच्या विणीसारखे गोल गोल फिरलेले दिसतात. या विणीचं शास्त्रीय नावच चटईसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आलं आहे!

या खुणा कशा जुळवायच्या, याबद्दल जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून २०११ साली नियम प्रसिद्ध केले. या आजाराचा एक दुसरा प्रकारही आहे. तो तरुणांत दिसतो, त्यात आयजीजी ४ सहसा वाढत नाही आणि कधी त्याच्या जोडीला मोठ्या आतड्याची सूज असते.

गोळी आणि दोन आठवडे

खुणा जुळल्या, कॅन्सर नाही याची खात्री झाली, की स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू करतात. त्या शिपायांना सांगतात, "जरा शांत व्हा, हे आपलंच घर आहे." दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केला, की बहुतेक रुग्णांत सूज उतरलेली दिसते. कॅन्सरची गाठ अशी विरघळत नाही. त्यामुळे औषधाने आलेला उतार ही पाचवी खूण ठरते. कावीळ फार असेल, तर दुर्बिणीतून पित्तनलिकेत छोटी नळी बसवून वाट मोकळी करतात.

गोळ्या मग हळूहळू, काही महिन्यांत कमी करतात. एकदम बंद करायच्या नसतात. स्टेरॉईडने रक्तातली साखर वाढते, हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. काही रुग्णांत आजार पुन्हा डोकं वर काढतो. त्यासाठी प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशींवर, म्हणजे बी-पेशींवर, काम करणारी औषधं आहेत. त्यांतलं इनेबिलिझुमॅब हे औषध २०२५ मध्ये अमेरिकेत खास या आजारासाठी मंजूर झालं. १९६१ मध्ये शंका आली होती. तिथून इथवर यायला चौसष्ट वर्षं लागली.

मोठ्यांसाठी दोन शब्द

पालकहो, कावीळ झाली, की आपल्याकडे अजूनही गळ्यात माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन 'कावीळ उतरली' म्हणतात. साथीची कावीळ पुष्कळदा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जातं. तुंबलेली कावीळ माळेने हटत नाही. डोळे पिवळे, शौच पांढुरकं आणि अंगाला खाज असं दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. स्टेरॉईडच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्या खुणा पुसून टाकतात आणि निदान आणखी अवघड होतं. मोठ्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर "हा स्वयंप्रतिकार आजार असू शकेल का?" असं आदराने विचारायला हरकत नाही. डॉक्टर रागावणार नाहीत. आणि तपासून कॅन्सरच निघाला, तर उपचाराला एक दिवसही उशीर करू नका.

सांगा पाहू!

१. पित्तनलिका तुंबली, की शौचाचा रंग पांढुरका का होतो?

२. निरोगी गटाचा मधला आकडा ५१ आणि रुग्णांचा ६६३. मग हामानो यांनी तेवढ्यावरच न थांबता कॅन्सरचे रुग्णही का तपासले असतील?

३. रक्तात आयजीजी ४ वाढलेलं दिसलं, तरी डॉक्टर लगेच गोळ्या का सुरू करत नाहीत?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखात सरळ दिलेलं नाही. ते तुम्हीच शोधा. आईबाबांशी बोला आणि मग वहीत लिहा.